आयुधपूजेच्या आधीची साफसफाई

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेतलं कपाट पुसायला काढलं आणि नागवेणीअक्काची पीएचडी हलवली. खरं तर हलली ती एक छोटी काचेची बाटली, पण अक्काच्या बाबतीत दोन्ही एकच.

आमच्या बंगळूरला दसऱ्यात यंत्रांनाही कुंकू-झेंडू मिळतो, म्हणून माझा एवढा उत्साह. अक्का कित्येक वर्षं वाटीसारख्या एका रेणूत डीएनएमधलं अ‍ॅडेनीन बसवायच्या खटपटीत होती. दोन्हींचा मिळून एक नितळ स्फटिक तयार झाला, की ते आत कसं बसलंय ते क्ष-किरणांनी कळणार होतं. असा पहिलाच स्फटिक त्या बाटलीत, जराही धक्का न लागता, उन्हाळ्यापासून वाढत होता. माझं फडकं लागून बाटली कलंडली आणि संध्याकाळपर्यंत आत नुसती पांढरी पूड उरली.

अक्काने बाटली उजेडात धरली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"कपाट छान चमकतंय हो," ती म्हणाली. "आता त्यालाच झेंडू वाहा."

"अक्का, चुकलं गं माझं."

"मागे एकदा अशाच बाटलीवर पाल पडली होती. तिने निदान माफी मागून डोकं नाही खाल्लं."

मग स्टुलावर बसून तिने नवं द्रावण केलं, बाटलीच्या तोंडाला चंदेरी कागद लावला आणि द्रावण अगदी सावकाश उडावं म्हणून त्याला टाचणीने भोकं पाडली. मला अगदी भरून आलं. ती बाटली कपाटात ठेवायला उचलत मी विचारलं, "अक्का, तुला कंटाळा कसा येत नाही गं?"

"येतो. बाटली खाली ठेव."