मागच्या सीटवरची कुजबुज

"आवाज गेला, सुमनमावशी. पण आईला अजून ऐकू येतंय."

हेमंत गद्रे हे म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर वैतागलेच. आवाज गेला तर ऐकू काय येतंय? एवढ्या थंडीत लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभं राहून मी ते काम केलं होतं आणि ते चोख झालं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली गोष्ट. श्रूजबरीला लागून असलेल्या वूस्टर गावात एका मफलर शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांचे सायलेन्सर आणि धुराचे पाइप बसवणाऱ्या दुकानात, मी वेल्डर होते. कोल्हापूरला माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथे शिकले. तो गेल्यावर भावाने मला इकडे बोलावून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. ऑफिसात कोण ठेवणार? शॉपचा मालक रे याने एक पाइप जोडायला दिला, जोड फिरवून फिरवून पाहिला आणि ये म्हणाला. त्यावर पुढची सगळी वर्षं निघाली.

हेमंत श्रूजबरीत राहायचा, कॉम्प्युटर कंपनीत इंजिनीअर होता. त्याची जुनी घेतलेली स्टेशन वॅगन होती. लांबलचक गाडी, मागच्या सीटच्या पाठीमागे सामानाची मोकळी जागा, आणि तिच्या शेवटाला बटणाने वरखाली होणारी काच. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते गाड्यांचं पोट खातं. हेमंतच्या गाडीचा धुराचा मूळ पाइप गंजून गळून पडला, तेव्हा कुठल्याशा गॅरेजने त्याला स्वस्तातला ग्लासपॅक लावून दिला. ग्लासपॅक म्हणजे सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेचा कापूस. तरुण पोरं गाडी गुरगुरावी म्हणून हौसेने लावतात. हेमंतला हौस नव्हती, फक्त स्वस्त हवं होतं.

मग गाडीला ड्रोन लागला. ड्रोन म्हणजे एका ठरावीक वेगाला गाडीत भरून राहणारी घुं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते, तसंच हे. फुंकर पाइपची, बाटली म्हणजे गाडी. कमी वेगात काही नाही, जास्त वेगात काही नाही. हायवेच्या वेगाला मात्र डोकं उठतं. पुढे कमी, मागे जास्त.

पहिल्यांदा आला तेव्हा सगळं घरच घेऊन आला होता. बायको नीला, शाळेत जाणारी मुलगी मिनी, आणि आई वत्सलाबाई. रेला इंग्रजीत ड्रोनचं सांगून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात मराठीत बोलू लागला.

"मावशी, आईचं जरा वेगळंच आहे. मागच्या सीटवर बसली की तिला माणसं बोलताना ऐकू येतात."

"वय किती?"

"सत्तरी आली. डॉक्टर म्हणतात, एज आहे, नवीन देश आहे, होतं असं. सांगलीला परत पाठवायला मी मार्चचं तिकीट काढलंय तिचं."

"सांगलीला कोण आहे?"

"कोणी नाही. एक खोली आहे, ती बंद आहे. पण इथे आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. असं काही असलेल्या माणसाला घरी एकटं कसं ठेवणार? आवाज बंद झाला आणि तिचंही थांबलं, तर कॅन्सल करीन."

म्हणजे म्हातारीचं इथलं राहणं एका पाइपवर आलं होतं.

मी वत्सलाबाईंच्या शेजारी जाऊन बसले. बाई स्वच्छ डोक्याची होती. मला आधी विचारलं, "तुम्ही हे हातमोजे घालूनच जेवता का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "मयताच्या घरी आतल्या खोलीत बायका बसून बोलतात ना, दबक्या आवाजात? तसं. माझ्या पाठीमागे."

"काय बोलतात?"

"ते सांगायचं नसतं."

मिनी शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत होती. ती वर न बघता म्हणाली, "आय हिअर देम टू."

"मिनी, स्टॉप इट," हेमंत म्हणाला. "आजीचं ऐकून बोलते ती."

मिनी पाय हलवायची थांबली. पण आपलं म्हणणं तिने मागे घेतलं नाही.

आम्ही ग्लासपॅकच्या पुढे पाइपमध्ये रेझोनेटर बसवला. रेझोनेटर म्हणजे पाइपला जोडलेला आणखी एक पोकळ डबा. त्यातली पोकळी योग्य असली की धुराच्या धक्क्यांची घुं तिथेच जिरते. रे गाडी हायवेवर घेऊन गेला, मी मागे बसले. काचा बंद. घुं जवळजवळ गेली होती. कुजबुज कसली आणि काय, मला काही ऐकू आलं नाही. गाडी परत दिली.

आणि आता हा पुन्हा दारात. घुं गेल्यामुळे मिनी गाडीत गाढ झोपते म्हणाला. पण उठली की ओकते. आई म्हणते, मधला गोंगाट गेला, आता बायकांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं.

मी रेला सांगितलं. रे म्हणाला, "आपण मफलरची वॉरंटी देतो, भुतांची नाही. त्यासाठी कोपऱ्यावर चर्च आहे." पण त्याने हसत हसत गाडी लिफ्टवर घेतली. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं होतं. धूर. इंजिनच्या धुरात असा एक वायू असतो की त्याला वास नाही, रंग नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून माणसं झोपेत मरतात ती त्यानेच. मरायच्या आधी डोकं भ्रमतं. म्हणून आमच्याकडे कडक नियम होता, इंजिन चालू करायच्या आधी शटर वर.

रेने पाइपच्या तोंडाला चिंधी दाबून धरली आणि मी खालून प्रत्येक जोडाला कान लावला. गळका जोड फुसफुसतो. एकही फुसफुसला नाही. गाडीच्या तळाला भोक आहे का ते टॉर्च मारून बघितलं. तळ धड होता. पाइपचं शेपूट बंपरच्या आतच संपत होतं, पण तशा पुष्कळ गाड्या फिरत होत्या.

"क्लीन," रे म्हणाला. मग हेमंतकडे बघून खांदे उडवले.

आता उरलं काय? म्हातारीचं डोकं. हेमंतच्या तोंडावर तेच लिहिलेलं दिसत होतं. त्या दिवशी वत्सलाबाई सोबत आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही बसल्या होत्यात ते रिकाम्या गाडीत. माझ्याजवळ बसा. मग काय ते सांगा माझ्या मुलाला."

शनिवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दूरच्या एका गावात शाळेच्या हॉलमध्ये. मी एरवी जात नाही. त्या दिवशी गेले.

दुपारची वेळ. आकाश राखाडी, दोन्ही बाजूंना बर्फ. पुढे हेमंत आणि नीला. मागे एका खिडकीशी मी, पलीकडच्या खिडकीशी वत्सलाबाई, मधे मिनी. आमच्या पाठीमागच्या जागेत मसालेभाताचं मोठं पातेलं, तोंडाला पंचा बांधलेलं. हायवेला लागल्यावर मागे कुठेतरी मोटर घुरघुरली.

"केलीस ना काच खाली?" नीलाने विचारलं.

"केली, चार बोटं."

"तरी वास पुढे येतोच. माझ्या कोटाला ऑफिसात सगळे नाक लावतात."

हे मी कानांनी ऐकलं. डोक्यात उतरलं नाही. आधी मला फार बरं वाटत होतं. हीटरची ऊब होती. मिनीचं डोकं कधी माझ्या मांडीवर आलं कळलं नाही. हात जड झाले, कपाळावर कोणी फडकं आवळून बांधल्यासारखं झालं. घरी गेल्यावर झोपू, असं म्हणता म्हणता वाटलं, इथेच झोपावं.

मग त्या बोलायला लागल्या.

गाडीच्या खालून नाही. इंजिनातून नाही. माझ्या पाठीमागून, पडद्याआड बसल्यासारख्या. बांगड्या वाजल्या. एक जण नाक ओढत होती. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता, आणि तो वत्सलाबाई म्हणाल्या तसाच होता. आतल्या खोलीतला. मग एकीने नाव घेतलं. चंपी.

माझं माहेरचं नाव चंपा. लग्नात सासरच्यांनी बदललं, तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हापासून मी सुमन. अमेरिकेत माझ्या भावाशिवाय ते नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि तोही मला ताई म्हणायचा.

"चंपीला उठवू नका," ती बाई म्हणाली. "झोपू दे."

आवाज ओळखीचा होता. कोणाचा, ते जिभेवर येत होतं. मला भीती वाटली नाही, आणि आज मला त्याचीच भीती वाटते. मला फक्त बघायचं होतं कोण ते. मान वळवायला फार वेळ लागला. मागे कोणी नव्हतं. पातेलं होतं. पातेल्यावर बांधलेल्या पंच्याचं टोक फडफडत होतं.

ते माझ्या दिशेने फडफडत होतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. काच मागे उघडी. वारा बाहेर जात असता तर टोक काचेकडे गेलं असतं. ते आत येत होतं. म्हणजे वारा आत येतोय. काचेखाली काय आहे? पाइपचं शेपूट.

ओरडायला गेले, घशातून हवा आली फक्त. मिनीकडे पाहिलं. गाल लालबुंद, तोंड उघडं. खिडकीची काच फिरवायची दांडी हाताला लागली. ती कशी फिरवली मला माहीत नाही. काच खाली झाली आणि बर्फाचा वारा थोबाडीत बसला, तेव्हा आवाज फुटला.

"गाडी थांबव! हेमंत, थांबव मेल्या!"

त्याने गाडी कडेला घेतली. मिनीला ओढून बाहेर काढलं. ती आधी ढिली पडली, मग ओकली, मग रडायला लागली. तिचं रडणं इतकं चांगलं मला आधी कधी वाटलं नव्हतं. नीलाने तिला कोटात गुंडाळलं. वत्सलाबाई बर्फातच बसल्या, तोंड उघडून श्वास घेत.

मी काचेकडे बोट दाखवलं. "धूर. तिथून."

हेमंतला पुढचं सांगावं लागलं नाही. तो त्या चार बोटांच्या फटीकडे बघत उभा राहिला. मग इंग्रजीतच, स्वतःशीच बोलायला लागला. मला समजलं ते असं. असली चौकोनी गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा खळगा पडतो. शेपटातला धूर त्या खळग्यात गोल फिरतो आणि फट मिळाली की आत ओढला जातो. पुढच्या दोघांवर हीटर ताजी हवा फेकत होता. मागच्या सीटवर धूर बसून राहायचा.

"पण उघडी का ठेवायची ही?" मी विचारलं.

"घुं कमी व्हायची," तो म्हणाला. "चार बोटं उघडली की घुं मोडायची. मला वाटलं, किती छान."

ते खरंच होतं. बाटलीला दुसरं भोक पाडलं की ती नीट घुमत नाही. घुं गेल्यावर सवय राहिली आणि नीलाला मसाल्याच्या वासासाठी ती हवीच होती. शॉपमध्ये आणताना मात्र बर्फ आत जाऊ नये म्हणून तो प्रत्येक वेळी काच बंद करून आणायचा.

"मी सांगत होते उघडी ठेव," नीला म्हणाली आणि खाली बसली.

वत्सलाबाईंनी माझी बाही ओढली. "उठवू नका म्हणाल्या ना?"

"कोण?"

"त्या. 'झोपू दे' म्हणाल्या ना?"

ते शब्द त्यांनी मला आधी कधी सांगितले नव्हते.

हॉस्पिटलमध्ये तिघींना ऑक्सिजन लावला. रक्तात तो वायू निघाला. डॉक्टर म्हणाले, यात भास होतात. मी विचारलं, दोघींना एकच भास होतो का? ते म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

दुसऱ्या आठवड्यात रेने शेपूट बंपरच्या बाहेर काढून बाजूला वळवलं आणि मागच्या काचेच्या बटणाची वायर कापून टाकली. वॅगनची मागची काच चालत्या गाडीत उघडायची नसते, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. उघडतात का, हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. हेमंतने तिकीट कॅन्सल केलं. वत्सलाबाईंना पुन्हा काही ऐकू आलं नाही, पण त्या मागे बसल्याही नाहीत. शेवटपर्यंत पुढे बसायच्या आणि नीला मागे. त्याबद्दल नीला मला भेटेल तिथे बोलायची.

त्यानंतर ड्रोनची तक्रार घेऊन कोणी आलं की गाडीला हात लावायच्या आधी मी विचारायचे, यावर तू स्वतः काय केलंस? सगळे म्हणायचे, नथिंग. मग मी गाडीभोवती एक फेरी मारायचे. काय उघडं आहे, काय बांधलंय, काय कोंबलंय ते बघायचे. नथिंग म्हणणाऱ्या एकाने पाइपच्या तोंडात भांडी घासायच्या तारेचे बोळे ठासले होते. दुखणं लोक सांगतात. घरी केलेला इलाज सांगत नाहीत.