बस्त्याला चार माणसं

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही गासला राहायचो. वाडीत केळी आणि फुलं होती, मुलगी एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जायची. स्थळ विरारचं, मनवेलपाड्यातलं. माणसं मूळची कोकणातली, नोकरदार. सगळं नीट जमलं होतं. मग मुलाची आई घरी आली, चहा घेतला आणि निघताना पायरीवरून म्हणाली, "विहीणबाई, रविवारी बस्ता काढू. विरारलाच दुकान आहे. तुमच्याकडून चार माणसं घेऊन या."

ती गेली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. चार माणसं म्हणजे मला धरून की मला सोडून? मी चौथी शिकलेली. चार म्हटलं की माझ्या हिशेबी चारच होतात.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माणसं म्हणाली ना? बाया कुठे म्हणाली?"

"मग तुम्ही येता?"

"मला काय साड्यांतलं कळतं! केळी कोण उतरवणार?"

म्हणजे बायाच न्यायच्या. मोठ्या जाऊबाईला वगळलं तर ती लग्नात तोंड फिरवून बसली असती. नणंदेला वगळलं तर नवऱ्याने मला सुनावलं असतं. माझी बहीण हवीच होती, कारण दुकानदाराशी भांडायला तिच्याएवढं तोंड आमच्यात कुणाला नाही. मी आई. झाले चार. धाकटी जाऊ राहिली म्हणून ती दोन दिवस आमच्या विहिरीवर आली नाही. तिचंही बरोबर होतं, पण पाचवी नेली तर विहीणबाईला मी काय सांगणार होते?

शनिवारी संध्याकाळी मुलगी कामावरून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

मोठी जाऊबाई ओटीवर बसली होती. तीच बोलली, "तू कुठे निघतेस? मुलगी बस्त्याला जाते का कधी? आम्ही कुणी गेलो होतो?"

"काकी, साडी मी नेसणार आहे."

"मग नेस की. नको कोण म्हणतंय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "आई, मला माझी साडी स्वतः बघायची आहे. एवढी एकच गोष्ट मागते."

जाऊबाई खोटं बोलत नव्हती. माझ्या बस्त्याला मीही घरीच होते, केळीच्या पानांच्या जुड्या बांधत. साडी कुठल्या रंगाची ते हळदीच्या दिवशी कळलं. पण काळ बदलला होता, तेही दिसत होतं. तिला न्यावं, तर चाराची पाच माणसं होणार. विहीणबाई म्हणेल, ह्यांना मोजता येत नाही. आणि आमच्यातली पद्धत मोडली म्हणून जाऊबाई ऐकवेल ते वेगळंच. मी म्हटलं, "त्यांनी तुझं नाव घेतलं नाही गं." ती आत गेली आणि जेवायलाही आली नाही.

रविवारी आम्ही चौघी रिक्षा करून विरारला गेलो. दुकानात शिरलो तर पांढऱ्या गादीवर मुलाकडची पलटण बसलेली. आई, वडील, दोन काका, काकू, आत्या, मुलाची बहीण, तिची पोरं आणि कोपऱ्यात नवरामुलगा, नवा शर्ट घालून. एवढी माणसं बघून मी दारातच थांबले. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या बस्त्यात शिरलो.

विहीणबाई उठून आली. आमच्या मागे बघायला लागली. "बाकीची येतायत का मागून?"

"बाकीची कोण? तुम्ही चार म्हणालात."

"अहो, चार माणसं म्हणजे चारच आणलीत? आणि नवरी कुठाय?"

"नवरी धरून पाच झाली असती," मी म्हटलं.

मग मुलाचा एक काका एवढा मोठ्याने हसला की दुकानदाराने साड्यांवरून मान वर केली.

जाऊबाईला ते लागलं. "आमच्यात मुलगी बस्त्याला येत नाही."

"मग साडी अंगावर लावून कुणाच्या बघायची? तुमच्या?" विहीणबाई म्हणाली.

"माझ्या लावा. आमचा रंग सारखाच आहे."

नवरामुलगा उठला. "मी घेऊन येतो तिला. स्कूटर आहे."

"लग्नाआधी स्कूटरवर? अख्ख्या गासातून?" नणंद ओरडली. मग त्याच्याबरोबर कोण जाणार ह्यावर पुन्हा वाद. तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता, नाहीतर निरोप तरी दिला असता. शेवटी मुलाची बहीण आणि माझी बहीण रिक्षाने गेल्या. आम्ही बाकीचे कोल्ड्रिंक पीत बसलो. दुकानदार साड्या उलगडायचा आणि पुन्हा घड्या घालायचा. जाऊबाई आणि विहीणबाई शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. कुणाची बाजू घ्यावी तेच मला कळेना.

मुलगी आली ती कामावरच्या पंजाबी ड्रेसमध्ये. रात्री रडली असावी. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. गादीवर बसली, दहाबारा साड्या बाजूला सारल्या आणि एक जांभळी उचलली. जाऊबाई म्हणाली, "नवरीला जांभळी?" विहीणबाईलाही लाल हवी होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. मुलीने साडी खांद्यावर टाकली, आरशात बघितलं आणि दुकानदाराला सांगितलं, "हीच."

"आई, तुमचं काय म्हणणं?" दुकानदाराने मला विचारलं. मला लालही चांगली दिसत होती, जांभळीही. मी म्हटलं, "ती म्हणतेय ना हीच. मग बांधा."

येताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती.

"साडी आवडली ना?"

"आवडली."

"मग राग कसला अजून?"

"आई, त्यांनी विचारलं म्हणून मी आले. तू का नाही नेलंस?"

"त्यांनी चार सांगितली होती."

"आणि मी कोण?"

मी विचार केला. सोपाऱ्यापर्यंत विचार केला. मुलगी माणसांत धरायची की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलत नाही हे तिला कळलं असावं, कारण पुढे तिने काही विचारलं नाही. साडीचा खोका तेवढा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "धर. माझे हात दुखले."