एलाबाईंच्या कबरीचा दगड

श्री. एझरा नवगावकर यांना वेम्बलीतील आम्ही सर्व मराठी मंडळी एझराभाऊ म्हणतो. ते मुंबईच्या बेने इस्राएल समाजातील, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातील आहेत. तरुणपणी ते लंडनला आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी येथे बस चालवली. आयुष्यभर एका जागी बसून काम केलेल्या या गृहस्थांना आता कोणत्याही खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. चहा ते उभ्यानेच घेतात. कोणाच्याही घरी गेले की पडदे सरळ करतात, नळ गळतो का ते पाहतात, आणि कप रिकामा होण्यापूर्वी दाराशी पोहोचलेले असतात. त्यांच्या पत्नी एलाबाई म्हणत असत, "ह्यांना ब्रेकच बसवलेला नाही हो!"

त्या एलाबाई गेल्या वर्षी वारल्या. यांच्या समाजात वर्षाच्या आत कबरीवर दगड उभारण्याची रीत आहे. त्या दिवशी नातेवाईक जमतात, प्रार्थना होते, आणि पुढे जो कोणी भेटीस येईल तो फुलांऐवजी एक खडा ठेवून जातो. परंतु वर्ष सरत आले तरी एलाबाईंच्या कबरीवर लाकडी पाटीच होती. कारण एझराभाऊंनी ठरवले होते की दगड एलाबाईंच्या माहेरचा, अलिबागकडचाच पाहिजे. "मीच तिला इकडं आणलं," ते म्हणत, "दगड तरी तिच्या गावचा असू दे." तिकडून त्यांचा चुलतभाऊ लेव्ही दगडांचे फोटो पाठवी. एक फार काळा असे, दुसऱ्याला भेग असे, आणि तिसरा का नको ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे.

ऑगस्टमध्ये आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाची सहल एक जुनी जपानी बाग पाहण्यास निघाली. कोचमध्ये एझराभाऊ मधल्या वाटेत उभेच होते. इतक्यात त्यांची मुलगी ईडन हिचा फोन आला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे सर्वांनी ऐकले.

"पप्पा, इथला स्टोनवाला आज आन्सर मागतो, त्याच्याकडचा स्टोन घेणार का नाय. आज नाय दिला तर मम्मीचा स्टोन वर्षाच्या आत नाय होणार."

"लेव्हीचा फोटो येतोय, बाळा."

"लेव्ही अंकलचा फोटो रोज येतो, पप्पा! संध्याकाळी सांगा. प्लीज."

फोन बंद झाला. मागच्या सीटवरून आमच्यातले थट्टेखोर मुरलीधर म्हणाले, "एझराभाऊ, मुलगी बघताना तरी एवढे फोटो पाहिले होते का?"

"एकच पाहिला होता. तो एलाच्या बहिणीचा निघाला," एझराभाऊ म्हणाले. कोचमधले सगळे हसले. ते स्वतः मात्र खिडकीबाहेर पाहत राहिले.

ही बाग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येथील एका जमीनदाराने जपानहून माळी बोलावून करवून घेतली आहे. तळे आहे, लाकडी पूल आहे. एका ओसरीसमोर पांढऱ्या खडीचे अंगण असून त्यावर दाताळ्याने लाटांसारख्या रेघा ओढलेल्या आहेत. मध्ये एक मोठा करडा दगड उभा आहे. आमच्या सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या वरदाने सर्वांना ओसरीवर शांत बसून पाहण्यास सांगितले. आम्ही बसलो. एझराभाऊ बसले, उठले, आणि बाजूच्या पायवाटेने दिसेनासे झाले.

थोड्याच वेळात ते खडीच्या अंगणात दिसले. ते सरळ रेघांवरून चालत आले, वाकून एक खडा उचलला आणि आल्या वाटेने परत गेले.

"काका! अहो काका, बाहेर या!" वरदा धावली. मीही तिच्या मागे गेले.

पायवाटेवर मुठीएवढा एक दगड काळ्या दोरीने फुलीसारखा बांधून ठेवलेला होता. एझराभाऊ त्याच्यापाशी टोपी घालून, मान खाली करून उभे होते. त्यांनी तो खडा दगडाशेजारी ठेवला होता.

"कुणीतरी आपलं माणूस ठेवलंय इथं, ताई," ते मला म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

एवढ्यात टोबी नावाचा माळी आला. त्याने न रागावता सांगितले की ही कोणाची आठवण नाही. पुढची वाट बंद आहे, एवढाच या बांधलेल्या दगडाचा अर्थ.

एझराभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी खडा उचलला आणि टोबीकडे दाताळे मागितले. "मी बिघडवलं, मीच नीट करतो." टोबी प्रथम नको म्हणाला, नंतर त्याने दाताळे दिले, पण मागे मागे चालत यावे लागेल, नाहीतर पुन्हा पाय उमटतील, असे बजावले.

"भाऊ, रिव्हर्स घेताय, आरसा बघा!" ओसरीवरून मुरलीधर ओरडले.

घाईने ओढलेली पहिली रेघ वाकडी गेली. टोबीने ती मोडून पुन्हा ओढायला लावली. मागे सरकत एझराभाऊ मधल्या मोठ्या दगडापाशी आले आणि थांबले.

"हा जपानहून जहाजानं आणला?"

"इथे जपानचा एकही दगड नाही," टोबी म्हणाला. "सगळे त्या समोरच्या टेकडीवरचे. तो जपानी माळी हिवाळाभर तिथे हिंडून निवडत होता. पावसात भिजलेला दगड कसा दिसतो, ते पाहायचा म्हणतात. उभा राहणार तो इथल्याच पावसात ना."

एझराभाऊंनी दगडावर तळहात ठेवला. खिशात फोन वाजला. लेव्हीचा नवा फोटो आला असावा. त्यांनी तो पाहिला नाही. उरलेल्या रेघा ओढून झाल्यावर त्यांनी ईडनला फोन लावला.

"स्टोनवाल्याला सांग, इथलाच घेऊ."

"म्हणजे येस, पप्पा?"

"येस. पण उद्या मी स्वतः येणार, आणि प्रत्येक दगडावर बादलीभर पाणी ओतून बघणार."

दगड वर्षाच्या आत उभा राहिला. त्या दिवशी पाऊस होता. भिजल्यावर त्या करड्या दगडात हिरवट झाक दिसली. प्रार्थनेनंतर आम्ही एकेक खडा ठेवला. एझराभाऊंनी ते सर्व खडे पुन्हा नीट रांगेत लावले, थोडे मागे सरकून पाहिले, आणि कोणी कोणाच्या गाडीतून जायचे ते ठरवण्यासाठी घाईघाईने फाटकाकडे निघून गेले.