पानावरचा हात

नौपाड्यातल्या जाईबाई म्हाडगूत यांच्या घरून पोटभर जेवून उठलेला पाहुणा आजवर कोणी पाहिलेला नाही. तिथे पोट भरल्यावरच जेवण सुरू होतं. ‘नको’ म्हणत पानावर आडवा हात धरला, तर त्या हातावर वाढण्याची जाईबाईंची पद्धत. ‘चटका बसला की हात आपोआप निघतो,’ हे तत्त्व त्यांनी ठाकुर्लीच्या धाकट्या जावेला, स्वप्नाला, लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला शिकवलं होतं.

अशा बाईंची मागची खोली वैद्य खांबेट्यांनी आपल्या परदेशी रुग्णांसाठी भाड्याने घ्यावी, यामागे काय शास्त्र होतं, ते वैद्यांनाच ठाऊक. पंचकर्माला आलेल्या माणसाला जाईबाईंनी वैद्य सांगतील तेवढंच खायला द्यायचं होतं. पुरता अपमानच तो, पण त्या गिळत.

यंदा सांधे धरले म्हणून पोलंडहून मार्टा आली. रोज सकाळी ती वाटीतलं औषधी तूप मुकाट्याने प्यायची. मग जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करायचा दिवस आला, तो नेमका गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी. वैद्य असून खांबेट्यांनी पंचांग पाहिलं नव्हतं.

गौरीजेवणाच्या सकाळी मार्टा बेसिनपाशी कोसळली. जाईबाईंनी वेळेत धरलं म्हणून डोकं वाचलं. चेहरा पांढराफटक, बोटं बर्फासारखी. त्यांनी वैद्यांना फोन लावला.

“आडवं झोपवा. आज फक्त पातळ पेज,” वैद्य म्हणाले. “पुरणाचा एक घास जरी गेला तरी हॉस्पिटल गाठावं लागेल. तुमचा आग्रह मला ठाऊक आहे, वहिनी.”

“मी काय लोकांना विष घालते?”

“तूप घालता.”

तेवढ्यात टिटवाळ्याहून नणंद अमृताचा फोन. तिला ताप. पाच सवाष्णींपैकी चार उरल्या. सणाला आलेल्या स्वप्नाला तोडगा लगेच सुचला.

“ताई, मार्टा आहे ना! नवरा रोज व्हिडिओ कॉल करतो तिला.”

“ती जेवायची नाही गो आज.”

“नुसती बसू दे. गौरीसमोर चारच पानं मांडणार का आपण?”

जाईबाई गौरीच्या मुखवट्याकडे बघत राहिल्या आणि ‘बरं’ म्हणाल्या. चूक तिथे झाली.

दुपारी जरा सावरलेली मार्टा हळदीकुंकू लावून पाटावर बसली. पुढे केळीचं पान, पानाशेजारी रिकामी वाटी आणि पेजेचं पातेलं. शेजारच्या शांताबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

“सवाष्णीला पेज? आजारीपाजारी आहे की काय ती?”

“आहे,” जाईबाई म्हणाल्या. कोणी ऐकलं नाही. सणाच्या दिवशी सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

स्वप्ना पुरणपोळ्या आणि कढत तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून येत होती. मार्टाची नजर पोळीवर खिळली. कित्येक दिवस ती या घरात दुसऱ्यांची ताटं बघत होती, आणि इथे नाही म्हणणं किती वाईट दिसतं, हेही तिला कळून चुकलं होतं.

“ओके. लिटल,” ती म्हणाली.

“बघा, हो म्हणतेय!”

“स्वप्ना, नको.”

“आग्रह कर गो,” शांताबाई म्हणाल्या. “लांबची आहे, लाजते.”

जाईबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. भरल्या पंगतीत, गौरीसमोर, सवाष्णीचं पान अडवायचं. त्यांच्या घरात कोणी ते केलं नव्हतं. त्या वाकल्या आणि मार्टाच्या पानावर त्यांनी आपला हात आडवा धरला.

स्वप्ना हसली. हा थोरल्या जावेचाच खेळ, त्यांनीच शिकवलेला. तिने त्या हातावर पोळी ठेवली आणि वरून तुपाची धार धरली.

पंगत हसली. हात निघाला नाही.

“ताई, भाजतंय! काढा ना!”

“नाही काढत.” तूप बोटांमधून पानावर ओघळलं. त्यांनी दुसऱ्या हाताने पान बाजूला सारलं आणि भाजलेला हात मार्टाच्या पुढ्यात तसाच ठेवला. “मरेल ती, स्वप्ना. पेज वाढ.”

आता कोणी हसलं नाही. स्वप्नाने तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि वाटीत पेजेची पळी ओतली. शांताबाईंना मात्र राहवेना.

“मग दोन पळ्या तरी घाल. सवाष्णीला एक वाढू नये.”

जाईबाईंनी क्षणभर वैद्यांचा विचार केला.

“घाल,” त्या म्हणाल्या. मार्टाने वाटी रिकामी करेपर्यंत त्यांचा हात तिथून हलला नाही.