हेब्बाळच्या अलीकडे

बेंगळुरूच्या लष्करी हॉस्पिटलात मी नर्सिंग असिस्टंट होतो. विमानाने आलेला जखमी जवान शहराबाहेरच्या विमानतळावर ताब्यात घ्यायचा, अ‍ॅम्ब्युलन्सने वॉर्डात पोचवायचा, हे रोजचं काम. विमानतळाने शहर जगाशी जोडलं, असं भाषणांत सांगतात. सांगू देत. धावपट्टीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत काय जोडलंय, ते मी पाहिलंय.

हवालदार शंकर सरावात गाडी उलटून जखमी झाला होता. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी. बायको सुमित्रा हॉस्पिटलच्या दारात थांबली होती.

विमानातून स्ट्रेचर उतरताच आमच्या सुभेदार साहेबांनी विचारलं, "कसा आहेस?"

"ठीक, साहेब. पोट स्वल्प दुखतंय."

फौजेत जवान दुसरं उत्तर देत नाही. हाड मोडलं तरी ठीकच. शिकवतातच तसं. साहेबांनी रेडिओवर तेच कळवलं, "पेशंट स्टेबल. ओव्हर."

कंट्रोल रूमचं उत्तर आलं, "स्टेबल आहे, तर रस्ता मोकळा करणार नाही. नॉर्मल ट्रॅफिकने या. आउट."

निघाल्यावर मी नाडी धरली. ती पळत होती. हात गार.

"साहेब, पोटात रक्तस्राव होतोय. क्रिटिकल सांगा."

साहेबांनी तत्काळ सांगितलं. उत्तर आलं, "वेट. मंजुरी घेतोय."

शहराच्या वेशीवर, हेब्बाळच्या फ्लायओव्हरआधी आम्ही अडकलो. पुढे ऑफिसच्या कॅब, बाजूला विमानतळाच्या बस. सायरन चालू. ड्रायव्हर उतरून बोनेटवर थापा मारत जागा मागत होता. कोण सरकणार? सरकायला जागाच नव्हती.

शंकरने डोळे उघडले. "कुठं आलो, अण्णा?"

"हेब्बाळ."

"मग आलोच की. तिला सांगा, रडत बसू नको. तिचं रडणं तोफेपेक्षा मोठं."

मी हसलो. तो पुन्हा बोलला नाही. मी छाती दाबत राहिलो. मंजुरी आली तेव्हाही दाबतच होतो.

आज मी वर्दीत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. जवानाला 'कसा आहेस' विचारून रिपोर्ट देऊ नका. नाडी बघा. आणि जखमी माणूस उतरला की रस्ता मोकळा करा. तो स्टेबल आहे की नाही, हा वाद नंतर घाला. ही मागणी मोठी आहे का?

हवालदार शंकर आपल्याच शहरात, घराच्या वाटेवर गेला. दारात सुमित्राअक्का पुढे आल्या. साहेबांनी टोपी काढली. अक्कांनी साहेबांकडे पाहिलंच नाही, मला विचारलं,

"विमान उतरलं म्हणून फोन आला, तेव्हापासून उभी आहे मी. इतका वेळ कुठं होते हे?"