मचव्यातून मुलगी पाहायला

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिघे मित्र धरमतरहून मचव्यात, म्हणजे माल वाहणाऱ्या शिडाच्या होडीत बसून मुलगी पाहायला गेलो. लग्न आमच्यातल्या एकाचे करायचे होते. तो साजगावच्या एका कारखान्यात फिटर होता. तिशी ओलांडलेली, दोन स्थळे मोडलेली. मुलगी मांडव्याच्या बाजूची. तिच्या वडिलांचा निरोप स्पष्ट होता: शनिवारी दिवेलागणीच्या आत या, रविवारी दुसरा मुलगा येणार आहे.

मचव्याची कल्पना तिसऱ्या मित्राची. तो कडावचा गाडीवान. त्याच्या ओळखीचा एक तांडेल, मचवा हाकणारा, तांदळाच्या गोण्या घेऊन नेमका मुलीच्याच गावाला निघाला होता. आमच्यापैकी कोणीही त्यापूर्वी समुद्रात गेले नव्हते. ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही.

मचवा ओहोटीबरोबर खाडीतून निघाला. तांडेल मागे सुकाणावर बसला. फिटर डोलकाठीला धरून उभा राहिला.

"बस रं," गाडीवान म्हणाला. "समुद्रात तुझी इस्त्री कोण बघतंय?"

"उतरल्यावर बघतील ना."

गाडीवानाचे लक्ष गोण्यांकडे होते. त्या मधोमध आणि थोड्या मागे रचलेल्या होत्या. खाडीचे तोंड जवळ आले, लाटा लागल्या, तसे मचव्याचे पुढचे टोक वर उचलले जाऊ लागले. गाडीवान अस्वस्थ झाला.

"मागं भार झालाय. चढ लागला की गाडी उलटायची."

घाट चढताना बैलगाडीतला माल पुढे सरकवतात, म्हणजे जू बैलांच्या मानेवर दाबून राहते. त्याने हा नियम आम्हाला समजावला आणि तो पटला. शिडाच्या आड तांडेलाला आम्ही दिसत नव्हतो. आम्ही आठ-दहा गोण्या पुढच्या टोकाला नेऊन रचल्या. फिटरने बाह्या दुमडून मदत केली.

टोक खाली बसले. पहिली लाट आत आली ती फिटरच्या सदऱ्यावर. मचवा सुकाण ऐकेना. तो हळूच एका बाजूला वळला आणि वाळूच्या पट्टीवर नाक खुपसून थांबला.

तांडेल पुढे आला. गोण्यांकडे पाहून त्याने विचारले, "ह्या हितं कोणी आणल्या?"

"पुढं भार लागतो," गाडीवान म्हणाला. "नाय तं बैल उचलले जातात."

तांडेलाने आधी उजवीकडे पाहिले, मग डावीकडे. "किती बैल दिसतात तुला?"

गोण्या मागे नेल्या. मचवा हलला नाही. पाणी ओसरत होते. तांडेल म्हणाला, आता भरतीची वाट पाहायची, म्हणजे रात्र. फिटर एकदम खाली बसला. इस्त्रीचा विषय संपला होता.

"रविवारचा पोरगा एस्टीनं येणार असंल," तो म्हणाला.

मग तांडेलाने सुचवले की तिघांचे वजन कमी झाले आणि नाक बाजूला रेटले तर मचवा सुटेल. पाणी कमरेइतके होते. फिटरने पँट काढून घडी घातली, गोणीवर ठेवली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उतरला. आम्ही खांदे लावले. तिसऱ्या रेट्याला मचवा सुटला, शिडात वारा भरला आणि तो निघाला. तो थांबवायचा कसा, हे आम्ही विचारलेच नव्हते.

"थांबवला तर परत रुततोय," तांडेल लांबून ओरडला. "किनाऱ्या-किनाऱ्यानं या."

आम्ही पाणी तुडवत किनाऱ्याला लागलो आणि चालू लागलो. वाटेत फिटर गाडीवानाशी एकदाच बोलला. "तुझं लगीन ठरवताना कोणी गोण्या हलवल्या होत्या का रं?"

"माझं घाटावर ठरलं," गाडीवान म्हणाला.

गावाच्या किनाऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. मचवा लागलेला होता. मुलीचे वडील पाहुणे उतरवून घ्यायला आले होते. पाहुणे नव्हते, म्हणून तांडेलाने झाला प्रकार सांगून पँट त्यांच्या हातात दिली होती. फिटरने गाडीवानाचा पंचा कमरेला घट्ट केला आणि हात जोडले.

"जय भीम."

"जय भीम," वडील म्हणाले आणि पँट पुढे केली. "घरी चला. पोहे थंड झालेत."

घरात नेहमीचे प्रश्न झाले. पगार, घर, भावंडे. मग तुला काही विचारायचे आहे का, असे आईने मुलीला विचारले. अशा वेळी मुली मान हलवून नकार देत. हिने विचारले, "तुमाला पोहायला येतं?"

"नाय."

"मग उतरलात कसे?"

फिटरने विचार केला. "उशीर होत होता," तो म्हणाला.

आतल्या खोलीत कोणीतरी हसले. मुलगी हसली नाही. तिने त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

रविवारच्या मुलाकडे त्याच संध्याकाळी माणूस धाडला गेला. येऊ नका म्हणून काय कारण कळवले, ते आम्हाला समजले नाही. परतताना तिघांनीही एसटी धरली. गाडीवान मागच्या बाकावर बसायला तयार नव्हता.