आभार मानायचं काम माझ्याकडे होतं

बायकोला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या, ही एक सोडून. ती गेली तेव्हाही मी हे गिळूनच बसलो होतो. आज तुमच्यापुढे बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर धीर झाला असता का? नसता. तो कधीच झाला नाही — तेच तर सांगायचंय.

आमच्या बाजाराच्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. दर महिन्याला एक पाहुणा बोलावतात. मधुमेहावर बोलायला आलेले डॉक्टर जाताना जिलबीची दुसरी बशी संपवून गेले. प्राणायामाच्या गुरूंना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागली. वक्ता कसाही असो, क्रम ठरलेला — प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, भाषण, आणि शेवटी आभार. आभार माझ्याकडे. मी हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वाचन बरं. कुणाचेही आभार मानता येतील इतकी भाषा माझ्यापाशी आहे, असा संघाचा समज होता. तो बरोबर निघाला.

माईक रज्जाकचा असायचा. लग्न, उरूस, गणपती — आमच्या बाजूला कर्णा वाजला की तो रज्जाकचाच. माझा कार्यक्रम म्हटला की तो हातातलं काम टाकून यायचा. चारचौघांत सांगायचा, "गुरुजींनी सोडवला म्हनून मी जिता हाय, राव." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

कशातून सोडवला?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शाळेला एका बड्या माणसानं माईकचं नवं मशीन दिलं होतं. त्यावर दात्याचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात रंगवलेलं. सव्वीस जानेवारीला दाते स्वतः येणार, आणि आपल्याच मशीनवर आपलं कौतुक ऐकणार, असं ठरलेलं. त्याआधी माझ्या मेव्हण्याचं लग्न निघालं, महाळुंगे पडवळला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी हेडमास्तर, आन आमी माईक भाड्यानं आणायचा व्हय?" मी फुगलो. कुणाला न सांगता मशीन घेऊन गेलो. मंगलाष्टकांच्या मधोमध जनरेटरनं उसळी मारली आणि मशीनमधून धूर निघाला.

जळलं, एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली नसती. भरल्या सभेत मान खाली गेली असती, दाते चार शब्द बोलले असते. बस. पण मला ती सभा दिसत होती — त्यात मी खाली बघत उभा. मी मशीन घोड नदीच्या डोहात टाकलं आणि शाळेत चोरी झाली असं पोलीस ठाण्यावर सांगून आलो.

फौजदारानं विचारलं, "कुणावर संशय?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. चोरी म्हटली की चोर लागतो, हे मला, पोरांना व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला, सुचलं नव्हतं. रज्जाक आठवड्यापूर्वी शाळेत तारा जोडायला आला होता. मी त्याचं नाव घेतलं. दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तर त्यामागे भावकी उभी राहिली असती. रज्जाकमागे एक म्हातारी आई होती. आणि ते दिवस असे होते की त्याचं नाव ऐकून कुणी फार विचारपूस केली नसती. हे मला तेव्हा कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते नाव तोंडात आलं.

इथवरचं अवघडल्या मनानं का होईना, मी एखाद्याला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ठाण्यावर बोलावलं. मागच्या खोलीत रज्जाक पालथा पडलेला. हात पुढे ओढून बोटांवर लाकडी खुर्चीचा पाय ठेवलेला, आणि खुर्चीवर एक शिपाई बसून तंबाखू मळत होता. तळपाय वर बांधलेले. ते तळपाय नव्हतेच, सुजून फुटायला आलेलं काहीतरी होतं. फौजदारानं माझ्या हातात गिरणीचा रबरी पट्टा दिला. बोटानं गप्प राहायची खूण केली आणि हळूच म्हणाला, "पोरांवर हात बसलाय तुमचा. बघा, तुमच्या हातानं बोलतो का."

मी नको म्हणालो का? नाही. मला वाटलं, नको म्हटलं तर त्याला शंका येईल.

पहिला फटका पोचट बसला. शिपाई फिसकन हसला. त्या हसण्यानं मला राग आला, आणि दुसरा मी शाळेतल्यासारखा मारला — खांद्यातून. मग तिसरा. कातडी फुटल्यावर आवाज बदलतो, ओला होतो. रज्जाक आईला हाक मारत होता, मग नुसताच घशातून आवाज काढत होता. खुर्चीखाली बोटांचं काहीतरी कडकन वाजलं, तरी माझा हात थांबला नाही. आणि ऐका, मला त्या घटकेला त्याचा खराच संताप आला होता. हा कबूल का करत नाही? जे मी डोहात टाकलं ते हा कुठून आणून देणार होता? पण पट्टा हातात असताना मला मनापासून वाटत होतं की हा खोटं बोलतोय. शेवटी फौजदारानंच माझं मनगट धरलं.

तळपायावर मारणाऱ्याचं तोंड पालथ्या माणसाला दिसत नाही. रज्जाकला माझं दिसलं नाही.

चौथ्या दिवशी मी जाऊन संशय मागे घेतला. नाव आधी मीच घेतलं होतं, हे ठाण्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. गावात झालं, गुरुजींचं मन मोठं. रज्जाकला दोघांनी उचलून बाहेर आणलं तेव्हा समोर मी दिसलो. तो माझ्या गळ्यात पडून रडला. "गुरुजी, तुमी आलात." त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. रेडिओ दुरुस्त करायचं बारीक काम सुटलं, कर्णे बांधायचं उरलं. पायात तो उन्हाळ्यातही मोठ्या मापाचे कापडी बूट घालतो आणि टाचांच्या कडेवर चालतो.

आता संघाकडे येतो. दहा-बारा वर्षांनी एका महिन्याचे पाहुणे ठरले — निवृत्त फौजदार, विषय 'समाज आणि सुरक्षितता'. नाव वाचून मी आजारी पडायचं ठरवलं. मग वाटलं, मी नसताना त्यानं काही सांगितलं तर? म्हणून गेलो.

चहाच्या वेळी त्यानं मला ओळखलं. "काय गुरुजी, हात अजून चालतोय का?" रज्जाक तिथेच वायर अंथरत होता. फौजदाराला त्याची ओळख पटली नाही. इतकी माणसं मारल्यावर चेहरे कुठे राहतात लक्षात? रज्जाकला पटली. त्याच्या हातातून वायर सुटली. त्यानं ती उचलली आणि माईक पाहुण्याच्या उंचीला लावून दिला.

फौजदार चांगला बोलला. आमच्या सगळ्या वक्त्यांत उत्तम. एक किस्सा त्यानं खास राखून ठेवला होता — माईकचोराचा. "पठ्ठ्या रोज नवी जागा सांगायचा. एकदा म्हणे विहिरीत. पारगावकडची अख्खी विहीर उपसली, निघाला एक बेडूक." सभागृह हसलं. त्यानं पहिल्या रांगेतल्या एकाची काठी घेतली आणि पट्टा कसा मारायचा ते टेबलावर दाखवलं. फाट. फाट. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत न्हाई, आवाज वाढवा जरा."

रज्जाकनं आवाज वाढवला.

"अन् या कामी," माझ्याकडे हात करून फौजदार म्हणाला, "गुरुजींसारख्या सुशिक्षित माणसांनी फार सहकार्य केलं." टाळ्या वाजल्या. रज्जाकनंही वाजवल्या — त्या बोटांनी जेवढ्या वाजतात तेवढ्या.

मग मी उठलो. माईक माझ्या तोंडापुढे होता. 'मशीन मी जाळलं, आणि पट्टा माझ्याही हातात होता' — एवढं एक वाक्य. बाहेर कर्णे होते, बाजारपेठेपर्यंत ऐकू गेलं असतं. मी घसा साफ केला. म्हणालो, आजच्या काळात अशा कर्तव्यकठोर माणसांची उणीव भासते. म्हणालो, त्यांचे ऋण संघ विसरणार नाही. ध्वनिव्यवस्थेबद्दल रज्जाकभाईंचेही आभार मानले. ते मी कधी विसरत नाही.

सभा उठली. दाराशी चपलांचा ढीग झाला होता. मला वाकताना त्रास होतो, हे रज्जाकला माहीत. कोपरावर वायर गुंडाळता गुंडाळता तो आला, वाकला, वाकड्या बोटांनी माझा जोड हुडकून काढला आणि पुसून माझ्या पायांपुढे नीट लावला.

"आवाज फाटला न्हाई ना, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो, आणि चपलांत पाय घातले.